पंखा बंद

अंधेरीत, सात बंगल्याच्या मागच्या गल्लीत
तळघरात एक खोली आहे, आतून सगळी स्पंजची.
तिथे मी रोज वय बदलते.
काल बावीस वर्षांची होते. परवा, एक मांजर.

टेक घेताना इम्तियाज एसी बंद करतो.
माइक सगळं ऐकतो, ताई, तो म्हणतो,
तुमच्या पदराची सळसळसुद्धा.
बटणाचं ते टक् झालं
की माझ्या छातीत कुणीतरी स्टोव्हला पंप मारतं.

आधी बरगड्या. मग गळा. मग कानांच्या पाळ्या.
पडद्यावरची पोर बर्फात धावतेय,
तिच्या ओठांत मी शब्द भरतेय:
किती गारठलेय रे मी!
आणि माझ्या मानेवरून ब्लाउजच्या हुकांपर्यंत
घामाची एक रेघ सावकाश उतरतेय.

आई म्हणायची, वाफा येतात.
जशा भाताला येतात, तशा.
गोरेगावच्या दोन खोल्यांत ती मध्यरात्री उठून
मोरीपाशी आडवी व्हायची, गाल लादीला लावून.
मी दहावीत होते. मला वाटायचं, रुसलीय.
घरात माणसं पाच, टेबल फॅन एक,
आणि त्याचं तोंड बाबांकडे.
मी विचारलं नाही.

डॉक्टर वेलिंगबाई म्हणाल्या,
औषधं आहेत, लागली तर देईन, त्यात कमीपणा नाही.
आधी वही घाला, कधी येतात ते लिहा.

मंगळवार: तिसरा चहा.
गुरुवार: शेजवान नूडल्स, मुलाच्या ताटातले.
शुक्रवार: थोरल्या दिरांचा फोन.
शनिवार: कारण नाही. नुसतीच उभी होते, गॅलरीत.

चहा एकावर आणला.
शेजवान सुटलं.
दिरांचं काही करता येत नाही.

जॉर्जेटच्या सगळ्या साड्या भाचीला दिल्या,
आता मलमल, धुऊन धुऊन मऊ झालेली.
ओर्लेमची फ्लोरी कोकमाचं आगळ देते बाटलीत,
पैसे घेत नाही, रिकामी बाटली मात्र मोजून मागते.
माठात वाळ्याची जुडी, पर्समध्ये सब्जा भिजवलेली छोटी बरणी.
याने वाफा कमी होतात का? वहीत तरी तसं दिसत नाही.
पण वाळ्याचा वास घेताना
मी तेवढा वेळ कुणाचीच काही नसते.

श्रीरंगला वेगळी चादर दिली, सत्तावीस वर्षांनी.
आधी हिरमुसला. मग घोरायला लागला.
खिडकी मी उघडी ठेवते,
वर्सोव्याकडून खारट, सुक्या बोंबलांचं वारं येतं,
येऊ दे.

खरी युक्ती निघाली ती धंद्यातलीच.
लांब वाक्य एका दमात न्यायचं तर
श्वास पोटात साठवायचा, हळू सोडायचा,
हे मला वयाच्या एकोणिसाव्या वर्षी शिकवलं होतं,
पगारासाठी.
आता तोच श्वास स्वतःसाठी वापरते.
चार मोजत आत. सहा मोजत बाहेर.
वाफ येते, चपला न काढता बसते,
दोनतीन मिनिटं इकडचं तिकडचं बोलते,
जाते.

काल चौथ्या टेकला तशीच आली.
मी थांबले नाही. मोजत राहिले,
पोर धावत राहिली.
हेडफोनमध्ये इम्तियाज:
ताई, श्वास ऐकू आला. काढून टाकू?
राहू दे, म्हटलं. एवढं धावल्यावर येणारच की.

त्याने एसी लावला, मी न सांगता.
काचेपलीकडून थोडा वेळ नुसता बघत होता.
मग म्हणाला, अम्मी हल्ली रात्री गच्चीवर जाऊन बसते.
आम्हाला वाटतं, आमच्यावर नाराज आहे.

विचारलंस?

तो वायर गुंडाळायला लागला, जी गुंडाळायची नव्हती.
वहीतलं एक कोरं पान मी फाडलं,
वार लिहून दिले, सोमवार ते रविवार,
समोर जागा सोडून.

मग पुढचा सीन.
पोरीला आता कुठेतरी शेकोटी सापडते.
टक्.