पाटकऱ्याची लेक

"जरा जोरमा दाब ना वं, पैसा देस ना मी,"
सोजरबाई म्हणते. हात दुधीसारखा टम्म.
काखेतल्या गाठी काढल्यापासून
आतल्या पाण्याला वाटच राहिली नाही.

मी हाताला अजून शिवलेलीही नाही.
आधी मानेपाशी, हाडावरच्या खळगीत
बोटं नुसती टेकवते,
कातडी सरकेल एवढीच.

आबा पांझरेवर पाटकरी होते.
फडात पाणी सोडण्याआधी
शेवटच्या वाफ्यापर्यंत चालत जायचे
चारीतला गाळ उपसत.
"पुढचं मोकळं कर, पोरी.
मागचं आपसूक येतं."

देवपुरात गुडघे रगडणारे पुष्कळ.
मला वेड या पाण्याचं,
ज्याला ढकलणारं हृदय नाही,
जे जोर केला की बुजतं.

चाळीस मिनिटं. पंख्याची कटकट.
ती घोरायला लागते.

मग शिंप्याच्या टेपने मोजते:
मनगट, सव्वा सेंटीमीटर कमी.
"इतलंच?"
पिशवीतून हिरवी बांगडी काढून
ती घालून बघते.
अंगठ्याच्या मुळाशी अडते.

गेल्या महिन्यात
बोटांच्या पेरांशीच अडायची.