किती दाब लागतो

मिरकरवाड्यात गफूर सोलकरच्या दुकानात
पंप फळीवर नसतात,
जमिनीवर बसलेले असतात, उधारी मागायला आल्यासारखे.
मी म्हटलं, गाडीत बसवायचाय एक.
तो म्हणाला, शिवदास, बोटीचा माणूस तू,
गाडी कधी घेतलीस?

अठरा वर्षं ट्रॉलरवर इंजिन सांभाळलं.
मला पंप एकच ठाऊक:
तळात शिरलेला समुद्र
उचलून परत समुद्रात टाकणारा.
त्याचा आवाज जरा बदलला
की झोपेतून ताडकन उठायचो.
घरीसुद्धा.
रजनी म्हणायची, अहो, पंखा आहे तो.

आता जुनी ईको आहे, मागची सीट काढलेली,
तिच्या जागी चारशे लिटरची टाकी.
आरे-वारेच्या वर काचेची हॉटेलं झालीत,
समुद्र दिसावा म्हणून काच,
आणि तिच्यावर येऊन बसतो तोच,
पांढुरका, चिकट,
बोटानं नाव लिहिता येईल एवढा.
फडकं मारलं तर फराटे.
विहिरीचं पाणी मारलं तर ठिपके.
म्हणून पाणी गाळायचं, पुन्हा गाळायचं,
मीटरवर शून्य येईपर्यंत.
मी चाखून बघितलं ते.
जिभेला काही कळेचना,
आजाऱ्याला देतात तसलं.

गफूरनं आधी पेट्रोलचा काढला, लाल.
दीडशे बार, म्हणाला,
जांभ्यावर मारशील तर खड्डा पडेल.
सुरू केला तसं दुकानातलं मांजर
थेट जेटीवर.
मला आवडला तो आवाज, खोटं कशाला बोलू.
पण काचेच्या कडेनं सिलिकॉनची एक रेघ असते.
ती उचकटली
तर पाणी आतल्या गादीवर
आणि गादी माझ्या बिलावर.

दुसरा माडांना शिंपायचा, अर्ध्या एचपीचा.
त्याला वीज लागते,
म्हणजे रोज कुणाच्या तरी भिंतीत
प्लग मागत फिरा.

तिसरा ओंजळीत मावला.
बारा व्होल्ट, आत रबरी पडदा,
मिनिटाला पाच लिटर.
एवढासा?
गफूरनं चष्मा कपाळावर चढवला.
वर किती न्यायचंय?
तीन मजले.
बिलबुकाच्या पाठीवर त्यानं लिहिलं:
दहा मीटर चढायला एक बार,
थोडा शंभर मीटर नळी खाईल,
थोडा काठी,
ब्रशाच्या तोंडाशी धार राहिली की झालं.
काच आहे रे ती, म्हणाला,
तिला पाणी लागतं. राग कशाला?

मी म्हटलं, दोन दे.
एकच पुरेल तुला.
दोन दे. एका पंपावर बोट कोण सोडतं?

पहिल्या दिवशी वळणावर टाकी अर्धी होती.
अर्धी टाकी भरलेलीपेक्षा वाईट,
पाणी डावीकडून उजवीकडे धावतं
आणि गाडीला बरोबर ओढतं.
हे बोटीवर मला कुणी शिकवलं नव्हतं,
पोटात कळलं होतं.
पुतण्या नित्या दार धरून गप्प बसला.

मग काठी वर, ब्रश काचेवर,
मागे गाडीत टकटक टकटक,
भाताचं झाकण उडतं तसं.
दुसऱ्या मजल्यावर असताना
टकटक जराशी पोकळ झाली.
मॅनेजर बोलतच होता.
नित्यालाही कळलं नाही.
मी काठी त्याच्या हातात दिली, धावलो:
गाळणीत तुरटीएवढा बुळबुळीत गोळा,
नवी टाकी न धुता भरलेली.
चूक माझीच.
धुऊन लावली. पुन्हा टकटक.

दुपारी मॅनेजर आत जाऊन उभा राहिला,
काचेला हात लावून बघितला, आहे की नाही.
म्हणाला, किती दिवस राहील असं?
मी वाऱ्याकडे बघितलं. पश्चिमेचा.
गुरुवारपर्यंत, म्हटलं.
त्याला वाटलं, मी चेष्टा करतोय.

दुसरा पंप सीटखाली आहे,
माझ्या जुन्या लुंगीत गुंडाळलेला,
दोन्ही तारांच्या टोकांना ग्रीस लावून.