दोन वीत, दोन बोटं कमी

सरोवरावरचं बर्फ गेलं
आणि तिसऱ्या दिवशी इर्या कोस्केला
होडी ट्रेलरवर घालून माझ्या दुकानाच्या दारात.
चौदा फुटी अॅल्युमिनियम, हिरव्या रंगाचे पोपडे,
बुडाला तीन रिव्हेटांवर थापलेलं डांबर.
वेइक्कोची डागडुजी. लगेच ओळखली.
मागच्या फळीवर मात्र काहीच नाही,
दोन स्क्रूंचे गोल ठसे तेवढे,
चष्मा काढल्यावर नाकावर राहतात तसे.

"जुनं इंजिन?"
"पुतण्याला दिलं. त्याची दोरी ओढायला
दोन धड खांदे लागतात. माझ्याकडे एक आहे."

मी टेप शोधत होतो,
तोवर तिनं फळी हातानंच मापली:
दोन वीत, दोन बोटं कमी.
म्हणजे आखूड दांड्याचं.
लांब घेतलं तर पंखा दगडांशी बोलायला जातो
आणि ओंटारिओच्या या टोकाला
दगड फार बोलके.

होडीच्या पोटातली पाटी वाचली.
माणसं चार. अश्वशक्ती वीसच्या वर नको.
वेइक्कोचं पंचवीस होतं.
दोघांनी मनात वाचलं, कुणी काही बोललं नाही.

वीस विकलं तर मला जास्त सुटतात, खोटं कशाला सांगू.
पण अठ्ठेचाळीस किलो त्या फळीवर लोंबणार.
"सहा घे," मी म्हटलं. "पंचवीस किलो. झेपेल."
"आणि दुपारी वायव्येचा वारा सुटला की?
सहावर घरी कधी पोचेन,
जेवायला की दुसऱ्या दिवशीच्या कॉफीला?"

मग ती होडीच्या कडेवर टेकली.
"चाळीस वर्षं मी पुढं बसले, लेस्टर. वजन म्हणून.
तो म्हणायचा, तू नसलीस की नाक आभाळात जातं,
मला समोरचं दिसत नाही.
मी हात करायचे, दगड डावीकडे, दगड उजवीकडे.
आता मी मागं बसणार.
मग पुढं कोण?"

मी वाळूच्या पोत्याचं नाव काढलं.
तिनं माझ्याकडे असं पाहिलं
की पोतं मीच.

शेवटी नऊ पूर्णांक नऊ. फोर-स्ट्रोक, बटणावर सुरू होणारं.
(सरळ दहा का नाही, हे एकतीस वर्षांत
मला पटेल असं कुणी सांगितलेलं नाही.)
बटण आलं की बॅटरी आली,
आणि तारा लांब घेतल्या तर बॅटरी कुठंही बसते.
"पुढं," ती म्हणाली. "पेट्रोलची टाकीसुद्धा."
मी जाडच तारा घेतल्या, लांबीत जोर गळतो म्हणून,
आणि पुढच्या बाकाखाली,
जिथं तिच्या बुटांनी रंग घासून
धातू उघडा पडला होता,
तिथं पेटी घट्ट बांधली.

शनिवारी धक्क्यावर तिनं बटण दाबलं.
आवाज इतका कमी, की वाकून पाहिलं
पाण्याची बारीक धार पडतेय का.
मूठ धरली. समोर लाकडी खांब.
उजवीकडून जायचं, म्हणून मूठ उजवीकडे नेली
आणि होडी डावीकडे वळून सरळ लव्हाळ्यात.

"उलटं असतं!" मी ओरडलो.
"जायचं त्याच्या विरुद्ध ढकलायचं!"
लव्हाळ्यातून उत्तर आलं,
"हे त्यानं मला कधी सांगितलं नाही."

माझा पोरगा बूट काढायला लागला. मी त्याला थांबवलं.
तिनं इंजिन उचललं, पंख्यातलं गवत
एकेक दोरा सोडवल्यासारखं काढलं,
आणि निघाली. नाक पाण्यावर सपाट.

खडकांच्या पट्ट्याशी वेग उतरला.
तिचा तो दुखरा हात, कोपराएवढाच वर येणारा,
बाहेर निघाला, डावीकडे दाखवत,
पुढच्या रिकाम्या बाकावरून कुणी दाखवावं तसा.
मग होडी उजवीकडे वळली.

पावती माझ्या खिशातच राहिली होती.