चवीपुरते ओहम

वागळे इस्टेटला एकतीस वर्षं
पॉवर प्रेसशेजारी उभं राहून
यांच्या कानांतून आधी गेल्या बांगड्या,
मग शिट्टीच्या आधीची कुकरची फुसफुस,
मग स, मग ष.
शेजारच्या आरोंदेकर वहिनी हाक मारतात, "सुषमाऽ",
हे मला विचारतात, ही उमा कोण?

निवृत्तीनंतर बाकीचे उपवनला चालायला जाऊ लागले.
यांनी अठरा एमएमचा प्लाय आणला.
किसननगरच्या रामअवध मिस्त्रीनं कापून देताना विचारलं,
काकाजी, देव्हारा काय?
हे म्हणाले, तसंच समज. पण दोन.

आमच्या लग्नातल्या उशीचा कापूस
पेटीच्या पोटात गेला.
खालचे सूर यांचे यांनीच लावले,
फळीवर तळहात ठेवून,
पोराचा ताप बघावा तसे.
पीव्हीसीची नळी एक पेर कापायची, थांबायचं,
पुन्हा अर्धं पेर.
घुमणं गेलं आणि ठोका उरला
तेव्हा तळहात काढला.

वरच्या सुरांसाठी मला बसवलं.
खुर्ची खडूच्या फुलीवर,
पंखा बंद, खिडकी बंद, तोंड बंद.
मी म्हटलं, एखादं गाणं तरी लावा.
म्हणाले, गाण्याला कान माफ करतात,
किल्ल्यांना करत नाहीत.
आणि माझ्याच कमरेचा जुडगा
मोबाइलसमोर हलवून भरून घेतला:
दाराच्या दोन, कपाटाची एक,
आणि विकलेल्या स्कूटरची, उगाच राहिलेली.

मग रोज संध्याकाळी तोच जुडगा,
नवा रेझिस्टन्स, डाग देताना उठणारा राळेचा धूर,
आणि माझ्या चेहऱ्याकडे बघत बसलेले हे.
वहीत सगळं आहे, प्रेस शॉपच्या जुन्या वहीत,
मागच्या पानांपासून:

१ ओहम. सौ. म्हणते, पत्र्यावर डाळिंबाचे दाणे.
२.२. सौ. म्हणते, किल्ल्या कुठल्या, सुया आहेत.
३.३. सौ. म्हणते, बरं आहे. (भूक लागली असावी.)
४.७. सौ. म्हणते, पदराखाली झाकल्यात.

आमटीत मीठ किती, हे मला कुणी कधी
आकड्यात विचारलं नव्हतं.

वहीत एक गोष्ट नाही.
ती मला खूप नंतर, भांडताना कळली:
एक ओहमला यांना काहीतरी ऐकू आलं होतं.
अगदी लांबून, येऊरच्या बाजूनं आल्यासारखं,
पण आलं होतं.
आणि मी म्हणाले होते, टोचतंय.
आणि यांनी काही न बोलता
डाग तोडला, पुढचा लावला.

मी म्हटलं, मग एकच ठेवा की,
मी कापूस घालून बसेन.
तर चिडले.
डाय काय माझ्या चष्म्याच्या नंबरानं बसवतात?
बरोबर ते बरोबर.
आणि ताटावरून उठले,
कोशिंबीर तशीच.

दोन आठवडे पेट्यांवर चादर.

मग एका शुक्रवारी, इस्टेटला सुट्टी,
बाहेर कुठे खट्ट नाही,
मी आत मेथी निवडत होते,
तर दाराशी किल्ल्या वाजल्या.
शलाका आली, मनात आलं.
पुण्याहून, न कळवता, हिचं हे नेहमीचंच.
उठले, ओच्यातली मेथी सांडत गेले,
कडी काढली.

जिन्यात कुणी नव्हतं.
वहिनींच्या चपला,
आणि चपलांवर झोपलेलं त्यांचं मांजर.

वळले तर हे,
हातात तापलेली सोल्डरिंग गन तशीच,
पेट्यांकडे नाही,
उघड्या दाराकडे बघत होते.

कुठे निघाली होतीस?
कुठे नाही, म्हटलं. मेथी उचला.

रात्री वही उघडून पाहिली.
३.९. सौ. काही म्हणाली नाही.
सौ. दार उघडायला गेली.