हाफ भाजी

अंबडला, गरवारे पॉइंटच्या पुढे
माझ्या खाणावळीत सतरा वर्षं
एकच वाक्य जास्त ऐकलंय मी :
“मावशी, पोळ्या चार, भाजी हाफ.”

हाफ म्हणजे वाटीच्या तळाला बटाट्याच्या तीन फोडी
आणि रस्सा मात्र काठोकाठ,
रश्शाचे पैसे मी कधी लावले नाहीत.

ठेकेदाराचं आडनाव पगार.
बागलाणातले. तसे भले लोक असतात ते.
पण पोरं हसायची :
पगारांकडं पगार मागायला गेलो,
पगार म्हणाले, पगार बाराला.
साताची बारा व्हायची, बाराची पंधरा,
आणि माझ्या वहीत
पेठचे गावित, सुरगाण्याचे भोये
एकाखाली एक निजलेले असायचे
शंभर, दीडशे, शंभर
अंगावर ओढून.

मग श्रावणात गेटवर कागद लागला.
काशीराम भोयेनं बोट धरून ओळ ओळ वाचला,
दिवसाला चौऱ्याण्णव रुपये जास्त.
हात न धुताच ताटावर बसला,
म्हणाला, “मावशी, किमान म्हणजे काय गं?”
म्हटलं, ज्याच्या खाली जायचं नाही, ते.
“मग आजवर आपण कुठं होतो?”
मी त्याला पोळी वाढली. दुसरं काय वाढणार.

पहिल्या वाढीव पगाराला भाजी फुल झाली.
एवढ्याशा शब्दानं माझी कढई लहान पडली.
भाजीवाल्या आहिरेकडनं मेथी वीस जुड्यांची तीस,
समोर मोहसीनच्या दुकानात
तीन जुन्या सायकलींना नव्या चेनी,
आणि निकुंभ शिंपी, जो नुसतं उसवलेलं शिवायचा,
त्याच्या टेबलावर शाळेच्या कापडाचा अख्खा तागा.
खैरनारांनी खोल्यांना चुन्याचा हातसुद्धा न मारता
भाडं तीनशेनं वाढवलं.
कागद त्यांनाही वाचता येतो.

पगारांनी बाराजणांचं काम नऊजणांत बसवलं.
गेलेल्यांत लल्लन होता, एक हरसूलचा होता,
आणि तिसरा, ज्याचं नाव मी विचारलंच नाही,
कोपऱ्यात बसून जास्तीचा कांदा मागायचा तो.
तो कोपरा मी आठ दिवस कुणाला दिला नाही.
मग दिला.

रात्री वही उघडली तर
उधारीचं पान कोरं.
सतरा वर्षांत पहिल्यांदा.
मी ते उगाच दोनदा उलटून बघितलं,
तेवढ्यात यमुना मोरीतून उठून आली.
नऊ वर्षं माझी भांडी घासतेय,
बोटांची पेरं पांढरी, राखेनं खाल्लेली.
पदराला हात पुसत दारातच थांबली.
“ताई, ते किमान
बायांना पण असतं का?”

माझ्या डोक्यात गॅसची टाकी फिरली,
तेलाचा डबा, खैरनारांचे तीनशे
(दुकानाची खोलीही त्यांचीच),
आणि तोंडातून जे निघालं
ते माझं नव्हतं, तरी माझ्याच आवाजात होतं :
“बाराला बघू.”

ती हसली नाही. पोरं हसायची, ती हसली नाही.

आज बारा.
सकाळी थाळी पाच रुपयांनी वाढवली,
पाटीवर आकडा लिहिताना खडू मोडला.
आता काशीराम पाटीपुढं उभा आहे,
बोट धरून वाचतोय, तो गेटवरचा कागद वाचला तसा.
बसला.
“पोळ्या चार,” म्हणाला,
आणि थांबला.

मी पळी धरून उभी.
मागं मोरीतला
भांड्यांचा आवाजही थांबलाय.