रीडिंग

माझा बाप माणसं आकड्यांवरून ओळखायचा.
ऑफली परगण्यात दलदलीकाठची तीनशे बारा घरं,
आधी सायकल, मग मंडळाची निळी व्हॅन,
कानामागे पेन्सिल, हातात बॅटरी.
जिन्याखालच्या अंधारात, कोट-छत्र्यांच्या पसाऱ्यातून
वाकून आत शिरायचा,
बाहेर यायचा तो घराचं गुपित घेऊन.
"डेम्प्सीकडे बाळ झालंय. मशीनला उसंत नाही."
"कॉन्सेप्टाबाई आता एकाच खोलीत राहतात."
एवढंच, तेही फक्त आईजवळ.
आकडा लिहायचा, टोपीला हात लावायचा, पुढचं घर.

खांब आले तेव्हा आजीनं अंगणात खड्डा खणू दिला नव्हता.
म्हणाली, उजेड आला की कोळिष्टकं दिसतात.
दोन हिवाळे गेले. तिनं शेजारणीची इस्त्री पाहिली
आणि एका सकाळी कुदळ स्वतःच घेतली.

पुढं मंडळ वाढत गेलं वयात आलेल्या पोरासारखं,
दरवर्षी विजार आखूड.
नदीवरचं धरण पुरेना, म्हणून आमचीच दलदल कापली,
हजारो वर्षांचं शेवाळ, काळ्या विटा पाडून,
वाळवून, वाघिणीत भरून भट्टीत.
मग समुद्राखालून वायू आला.
रस्ते उसवले, पिवळे पाइप पुरले,
शहरातल्या बायकांनी कोळशाच्या बादल्यांत फुलझाडं लावली.
बाप म्हणायचा, "रीडिंगं दोन झाली, पगार एकच."

भाऊ फिंटन चौदा वर्षं बॉयलरवर.
त्याच्या मानेच्या वळ्यांत तपकिरी भुकटी,
लग्नाच्या फोटोतसुद्धा.
मनोरा पाडला त्या दिवशी गावानं
घडीच्या खुर्च्या आणल्या, थर्मास आणले.
भोंगा झाला. कठड्यावरून एक कावळा उडाला.
मनोरा आधी गुडघ्यात मोडला,
मग नुसती धूळ.
कुणीतरी टाळ्या वाजवल्या, आणि हात खिशात घातले.
फिंटन म्हणाला, "चहा उरलाय का?"

आता तिथं पाणी साठू देतात.
जुने चर बुजवायचं काम फिंटनलाच मिळालंय,
फळ्या ठोकायच्या, चिखल दाबायचा,
पगार कमी, पण मंडळाचाच.
टिटव्या परत आल्यात.
पाण्यापलीकडे एकोणतीस पवनचक्क्या.
म्हातारा रोज मोजतो,
जणू एखादी रात्रीतून उठून जाईल.

मी डब्लिनला, नियंत्रण कक्षात, रात्रपाळीला.
माझ्या भिंतीवर अख्खं बेट आहे, घर एकही नाही.
पन्नासच्या आसपास थरथरणारा एक आकडा,
त्याला जपायचं, तापानं फणफणलेल्या मुलासारखं.
पश्चिमेकडून वादळ आलं की इतकी वीज येते
की चक्क्यांना हात जोडावे लागतात, बाई, थांबा.
आणि जानेवारीत धुकं बसतं,
पाच दिवस पान हलत नाही,
तेव्हा तोच वायू, तेच पिवळे पाइप.
मंडळाच्या कॅलेंडरवर बारा महिने वारा आहे.

बापाच्या घरी रीडिंग घ्यायला आता कुणी येत नाही.
नवं मीटर स्वतःच बोलतं, दर अर्ध्या तासाला.
कुणाकडे बाळ झालं, कोण एका खोलीत आलं,
त्यालाही कळत असेल.
त्याला टोपी नाही.

रात्री दोनला फोन वाजतो.
"वारा किती?"
"बहात्तर टक्के. झोपला नाहीस?"
पान उलटल्याचा आवाज. तो लिहून घेतो,
तारीख, वेळ, आकडा, जुन्याच वहीत,
तीनशे बारा घरांच्या पुढच्या कोऱ्या पानांवर.
"फिंटन कसा आहे?" मी विचारते.
खुर्ची सरकते. तो खिडकीशी गेला असावा.
"त्याच्या वरच्या खोलीत दिवा आहे," म्हणतो.
"आज चौथी रात्र."