दोनशे चौदा

नवतपातच काढलंस का हे, वैजू कुंपणावरून विचारते.
अगं, रंग पटकन वाळतो, मी म्हणते.
खरं तर सुट्ट्या तेवढ्याच उरल्या होत्या
आणि टेबलाचा खण
बुक्की घातल्याशिवाय उघडेनासा झाला होता.

इतवारीत हकिमुद्दीनभाईंकडून आणलं सगळं,
ऐंशी नंबरचा रेगमाल, एकशेवीसचा, टर्पेंटाइन, पत्र्याची खरवडणी.
"पयले पुराना पूरा निकालो, बाई,
नहीं तो नया पकडता नहीं."

सकाळी सहाला मागच्या अंगणात बसते,
तोंडाला दुपट्टा बांधून,
ऊन भिंतीवरून खाली उतरायच्या आत.

वरचा पिस्ता, दादाच्या लग्नातला.
त्याखाली क्रीम, त्याखाली पुन्हा क्रीम,
मग तो हिरवा, ज्याच्यावर मी कर्कटकानं नाव कोरलं
आणि बाबांनी आठ दिवस अबोला धरला.
एक दसरा सोडून एक दसरा, स्वतः रंगवायचे.
कुणाला ब्रशला हात लावू देत नसत.
सुताराला तर एकदा फाटकातूनच परत पाठवलं.

हिरव्याखाली तांबडा.
मोतीबागेच्या यार्डात मालडबे उभे असायचे, तसला.
काही केल्या निघेना.
रविवारी निघाला, आणि खालच्या पिवळ्या सागावर
स्टेन्सिलची काळी अक्षरं:
लेखा विभाग. २१४.

मी रेगमाल खाली ठेवला.

ऑफिसची टाचणी चुकून खिशातून घरी आली
तर दुसऱ्या दिवशी परत नेणारा माणूस.
कार्बन पेपर मागितला तर
"तो सरकारी आहे" म्हणून
अजनीहून सायकलनं सीताबर्डीला जाऊन
विकत आणून देणारा.
याच टेबलावर बसवून माझ्याकडून
शंभरदा लिहून घेतलं होतं,
दुसऱ्याची वस्तू ती दुसऱ्याची.

लिलावात निघालं असेल.
मोडीत काढतात ना जुनं सामान. पावती असेल कुठेतरी.
मग इतके थर कशाला?
आणि पहिला रंगही डब्याचाच.
दादा तेव्हा शाळेत जायला लागला होता,
जमिनीवर पोट टेकून लिहायचा,
आणि पगार होता... किती होता पगार?
मी कधी विचारलंच नाही.

आत कूलरसमोर बाबा.
वय चौऱ्याऐंशी, चालू कान एकच, तोही मर्जीनं चालणारा.
पण अंगणातली खरखर थांबलेली
बरोबर ऐकू आली.
"कुंदे, काऊन थांबली?"
"काही नाही, बाबा."
बराच वेळ नुसता कूलर.
पंपाची टपटप, ओल्या वाळ्याचा वास.
मग: "लाकूड चांगलं हाये ते. बल्लारशाचा साग."
आणखी थोड्या वेळानं:
"रंग कोनता देतं?"

मी पॉलिश आणलं होतं, पारदर्शक,
लाकडाची रेघ न् रेघ दिसावी म्हणून.
डबा अजून उघडला नव्हता.
न उघडलेला हकिमुद्दीनभाई परत घेतात.
"तुम्हीच सांगा," मी म्हटलं.

काठी आपटत दारापर्यंत आले.
बनियनवर, उघड्या डोक्यानं, पहिल्या उन्हात.
वाकता येत नाही त्यांना, तरी वाकले,
आकड्यावर तळवा ठेवून
जरा वेळ तसेच राहिले,
ताप पाहतात तसे.

"दोनशे तेरा ढोमणेनं नेलं होतं," म्हणाले.
"त्यानं कधी रंगवलं नाही."